पूर्वनिर्मित घर

पूर्वनिर्मित घर : ज्या घराच्या भिंती, जमीन, छप्पर किंवा संपूर्ण खोल्या कारखान्यात तयार करून जागेवर आणल्या जातात आणि तेथे पायावर बसवून परस्परांस जोडल्या जातात, अशा घरास पूर्वनिर्मित घर म्हणतात. व्यवहारात ‘प्रीफॅब’, ‘मॉड्युलर’ व ‘कंटेनर घर’ ही नावे सरसकट वापरली जातात. तथापि ती एकाच वस्तूची नावे नव्हेत. पहिल्या प्रकारात सुटे फलक व पोलादी सांगाडा येतो आणि जुळणीचे बरेचसे काम जागेवर होते. दुसऱ्यात विजेच्या तारा, नळ व खिडक्या बसविलेली खोलीएवढी पेटी वाहनातून येते. तिसऱ्यात जहाजावरील मालवाहू पेटीच कापून व आतून अस्तर लावून राहण्याजोगी केलेली असते. खरेदीपूर्वी यांपैकी काय विकत मिळणार आहे हे ठरवून घेणे इष्ट, कारण तिघांचे वजन, आयुष्य व दुरुस्ती वेगवेगळी असते. मात्र एक गोष्ट तिघांनाही लागू पडते. कारखान्यातून येते ती विक्रीची एक वस्तू असते व ती जमिनीशी पक्की जोडली गेल्यावर तिचे घर होते. विक्रेत्याची किंमत बहुधा वस्तूची असते. खरेदीदाराला हवे असते ते घर.

ही कल्पना जुनी आहे. लंडनमधील १८५१ च्या प्रदर्शनाचा क्रिस्टल पॅलेस लोखंड व काचेच्या ठरावीक मापाच्या घटकांतून उभारला गेला. मुंबईतील वॉटसन हॉटेलचा, म्हणजे नंतरच्या एस्प्लनेड मॅन्शनचा, बिडाचा सांगाडा इंग्लंडात तयार होऊन जहाजाने आला व १८६७–६९ या काळात येथे जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर घरांच्या टंचाईवर उपाय म्हणून दिल्लीत सरकारी कारखाना निघाला; १९५३ मध्ये ‘हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी’ ही कंपनी स्थापन झाली आणि १९७८ मध्ये तिचे नाव ‘हिंदुस्थान प्रीफॅब’ असे झाले. रायगड जिल्ह्यातच बामणडोंगरी येथे सिडकोने २०२२ मध्ये ९६ सदनिकांची इमारत पूर्वनिर्मित काँक्रीटच्या घटकांतून ९६ दिवसांत उभारली. तेव्हा ही पद्धती कच्ची किंवा तात्पुरती आहे, हा समज बरोबर नाही. तिचे मर्मस्थान सांध्यांत असते. लंडनमधील रोनान पॉइंट या २२ मजली इमारतीत १६ मे १९६८ रोजी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि फलकांचे सांधे दुबळे असल्यामुळे इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळून चार जण मृत्युमुखी पडले. फलक फुटले म्हणून नव्हे, तर जोड सुटले म्हणून ती दुर्घटना घडली.

रायगडच्या किनाऱ्यावर, मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत, अशी घरे प्रामुख्याने मुंबई-पुण्याकडील लोकांची सुट्टीतील निवासस्थाने म्हणून आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांत पर्यटकांसाठी खोल्या म्हणून घेतली जातात. येथे खरेदीचा विचार करणाऱ्याने तीन गोष्टी आधी पाहाव्यात : जमीन, वारा व खारी हवा.

परवानगी : ‘घर उचलून नेता येते, म्हणून परवानगी लागत नाही’ असे विक्रेते पुष्कळदा सांगतात. हे विधान घातक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या संज्ञेत जमिनीवर, जमिनीत, तिच्या वर वा खाली केलेले बांधकाम येते; ते विटांचे आहे की पत्र्याचे, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. जमीन शेतीची असेल, तर शेतकरी नसलेल्या व्यक्तीस ती विकत घेण्यासच १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाचे कलम ६३ आड येते. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतीसाठी शेतघर बांधण्याची मुभा आहे. परंतु ती सुट्टीतील बंगल्यासाठी किंवा भाड्याच्या खोल्यांसाठी नाही. म्हणून सातबारा उतारा, बिगरशेती वापराची स्थिती व वाडीपर्यंतच्या वाटेचा हक्क ही कागदपत्रे घराचे माहितीपत्रक उघडण्यापूर्वी पाहावीत.

त्यानंतर सागरी किनारा नियमन क्षेत्राचा प्रश्न येतो. १९९१ च्या अधिसूचनेपासून ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मी. पर्यंतचा पट्टा सामान्यतः ना-विकास क्षेत्र मानला गेला. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौ. किमी.स २,१६१ हून अधिक लोकसंख्या असलेल्या, ग्रामीण भागापुरती ही मर्यादा ५० मी. वर आणली, इतरत्र ती २०० मी. राहिली. खाडीकाठासाठी वेगळी अंतरे आहेत, आणि रेवदंडा किंवा दिघीसारख्या ठिकाणी समुद्र दूर असला तरी खाडी जवळ असते, हे विसरले जाते. भरतीरेषा ही पायाने मोजायची रेषा नसून मंजूर नकाशावरील रेषा आहे. जमिनीचा सर्व्हे क्रमांक त्या नकाशावर पडताळून घेणे हाच खात्रीचा मार्ग होय. किहीम येथील एका फरारी हिरे व्यापाऱ्याचा बंगला मार्च २०१९ मध्ये स्फोटके लावून पाडण्यात आला, तो चांगला भक्कम होता. बेकायदा ठरलेले पूर्वनिर्मित घर फार तर उचलून नेता येईल. पण त्याचे जोते, शोषखड्डा, विजेची जोडणी व क्रेनचे भाडे वाया जाते आणि नेण्यासाठी दुसरी कायदेशीर जागा असावी लागते.

वारा व पाया : ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११०–१२० किमी. होता व झोत १३० किमी. पर्यंत गेले. मुरूड व श्रीवर्धन तालुक्यांत माड-पोफळी आडव्या झाल्या आणि असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले. छप्पर वाऱ्याने दाबले जाण्यापेक्षा वर ओढले जाते, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मी., म्हणजे ताशी सु. १५८ किमी., धरलेला आहे. या वेगाला दर चौ. मी.वर सु. ११८ किग्रॅ. इतका दाब निर्माण होतो. उलट, अर्धा मिमी. जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौ. मी.स चार किग्रॅ.च्या आसपास असते. जुन्या घराला त्याच्या जांभ्याच्या भिंतींचे वजन सावरून धरत असे; हलक्या घराला ते काम बोल्टनी करावे लागते. वीस फुटी रिकामी मालवाहू पेटी सव्वादोन टनांच्या जवळपास भरते. वरील वेगाचा वारा तिच्या लांब बाजूवर आदळला, तर आडवा रेटा व छपरावरील ओढ मिळून ती उलटण्यास पुरेशी होते. ठोकळ्यांवर नुसती ठेवलेली पेटी ही म्हणूनच किनाऱ्यावर घर म्हणण्याच्या योग्यतेची नाही.

याच मानकात चक्रीवादळासाठी जो वाढीव गुणक सांगितला आहे, तो पूर्व किनारा व गुजरातचा किनारा यांच्या ६० किमी. रुंद पट्ट्यास लागू होतो; कोकणास नाही. म्हणजे ‘मानकानुसार’ बनविलेले घर विकणारा खरे बोलत असूनही निसर्ग वादळाचा विचार त्याने केलेला असेलच असे नाही. आराखड्यात वाऱ्याचा कोणता वेग व कोणता गुणक धरला, हे संरचना अभियंत्याच्या सहीनिशी लेखी मागावे आणि पाया ते छप्पर अशी बोल्टांची अखंड साखळी आराखड्यात दाखविण्यास सांगावे. भूकंपात हलकेपणा हा गुण ठरतो, हेही नमूद केले पाहिजे.

खारी हवा व पाऊस : पोलादाचे रक्षण जस्ताचा लेप करतो. दर चौ. मी.स दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅ. जस्त असलेल्या पत्र्यावर प्रत्येक बाजूस सु. २० मायक्रॉन जाडीचा थर असतो, १२० ग्रॅ.च्या स्वस्त पत्र्यावर तो आठ-नऊ मायक्रॉन भरतो. अतिगंजकारक किनारी हवेत दरवर्षी ४ ते ८ मायक्रॉन जस्त झिजू शकते. यावरून रंग नसलेला स्वस्त पत्रा लाटांच्या जवळ एक-दोन वर्षांत उघडा पडेल, हे सहज कळते. गंज प्रथम दिसतो तो बहुधा दर्शनी भिंतीवर नव्हे. तेथील मीठ पाऊस धुऊन नेतो. वळचणीखाली व जमिनीच्या तळाशी मात्र पाऊस पोचत नाही आणि मीठ साचत राहते. विकत घेताना कोणी वाकून पाहत नाही, ती हीच बाजू. म्हणून जोते पुरेसे उंच, तळाशी हात पोचेल एवढी मोकळी जागा आणि तेथे गोड्या पाण्याने धुण्याची सोय असावी. जागेवर कापलेल्या कडा व पाडलेली छिद्रे ही लेपातील भोकेच असतात. त्यांवर जस्ताचा रंग त्याच दिवशी द्यावा लागतो. साध्या स्क्रूंमुळे चांगले छप्पर वाया गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

अलिबागला वर्षाकाठी २०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक चार महिन्यांत, वाऱ्याबरोबर तिरका येतो. किनाऱ्यावरील जुन्या घरांची उतरती कौलारू पाखे, खोल वळचण व पडवी यांचे कारण हेच. शिवाय पावसाळ्यापूर्वी पश्चिमेच्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधत. चित्रांत सुबक दिसणारी सपाट छपराची, वळचण नसलेली पेटी हे सर्व नाकारते व मग सांध्यांतील सीलबंद पट्टीवर सगळा भार टाकते. अशा घरावर वेगळे उतरते छप्पर व पडवी जोडून घेणे शहाणपणाचे. उन्हाळ्यात पत्र्याची काहिलीही त्याने पुष्कळ कमी होते. फलकांच्या पोटात काय भरले आहे, तेही विचारावे. थर्माकोल हलका व स्वस्त असला, तरी आगीत लवकर वितळतो व पेटतो. खनिज लोकर जळत नाही, पण भिजली की निरुपयोगी होते.

वाहतूक व करार : मोटार वाहन नियमांनुसार वाहनाची एकूण रुंदी सामान्यतः २.६ मी.हून अधिक असू शकत नाही. त्याहून रुंद घटकास खास परवाना लागतो. नागाव, चौल, आक्षी येथील वाड्यांतले रस्ते गडग्यांच्या मधून व विजेच्या तारांखालून जातात. पेटी फाट्यापर्यंत येऊन वाडीत शिरू न शकणे हा मालकाचाच खर्च ठरतो, म्हणून क्रेन उभी राहण्याची जागा व वळणे विक्रेत्याला प्रत्यक्ष दाखवून त्याची लेखी संमती घ्यावी. ‘सात दिवसांत घर’ या जाहिरातीत पाया, पाणी भरणे, शोषखड्डा, वीजमीटर व परवानग्या यांचे दिवस धरलेले नसतात, तसाच त्यांचा पैसाही बहुधा धरलेला नसतो. करारात पत्र्याची जाडी व जस्ताचे प्रमाण, फलकातील भरण, वाऱ्याचा गृहीत वेग, वाहतूक व उभारणी कोणाकडे आणि गळती व गंज यांची हमी किती वर्षांची, हे आकड्यांत लिहावे. कारखान्यात घर तयार होत असताना एकदा जाऊन पाहावे, कारण अस्तर लागल्यावर सांगाडा दिसत नाही. किमतीचा काही भाग उभारणीनंतरचा पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवण्याची अट घालता आल्यास उत्तम; ऑक्टोबरात विक्रेत्यासह तळ, वळचण व सांधे तपासून मग तो चुकता करावा.