खाकी वर्दीची पहिली पायरी

दहावी-बारावीचे निकाल लागले की उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील आपल्या धर्मग्रामांत एकच प्रश्न घरोघरी चर्चिला जातो : आता पुढे काय? परिचर्या, अध्यापन, बँक, परदेशातील नोकरी या वाटा आपल्या कुटुंबांच्या परिचयाच्या आहेत. पोलीस सेवेचे नाव मात्र क्वचितच निघते आणि निघाले तरी "तिथे आपले कोण आहे?" असे म्हणून विषय मिटवला जातो. ह्या सेवेची वाट नेमकी कोठून सुरू होते, हे म्हणूनच येथे सांगण्याचे आम्ही योजले आहे.

ही सेवा किती मोलाची आहे हे बदलापूरकरांना वेगळे सांगावयास नको. ऑगस्ट २०२४ मध्ये येथील एका शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तक्रार नोंदवून घेण्यास विलंब झाल्याने लोकांचा संताप अनावर झाला आणि २० ऑगस्ट रोजी नागरिकांनी रेल्वे मार्ग रोखून धरला. पुढे शासनाने तीन पोलिसांना निलंबित केले. भेदरलेली आई पोलीस ठाण्याची पायरी चढते तेव्हा टेबलापलीकडे कोण बसले आहे, यावर किती काही अवलंबून असते! त्या खुर्चीवर सहृदय माणसे हवी असतील, तर चांगल्या घरांतील मुलामुलींनी तेथे जावयास हवे.

या सेवेची दोन प्रमुख प्रवेशद्वारे आहेत. पहिले, बारावी उत्तीर्ण झालेल्यांसाठी पोलीस शिपाई पदाचे. दुसरे, पदवीधरांसाठी पोलीस उपनिरीक्षक पदाचे. उपनिरीक्षकाची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोग पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, शारीरिक चाचणी व मुलाखत या टप्प्यांनी करतो आणि निवड झालेल्यांचे प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होते. शिपाई म्हणून रुजू झालेल्यासही पुढे बढतीने अधिकारी होता येते. तेव्हा पहिल्या दाराला कोणी कमी लेखू नये.

शिपाई भरती जिल्हावार व आयुक्तालयवार होते. आपली तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात, मात्र महाराष्ट्रातील उमेदवारास अन्य घटकातही अर्ज करता येतो. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करावयाचा असतो; दोन-तीन ठिकाणी नशीब अजमावू पाहणारा उमेदवार बाद ठरू शकतो. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा सर्वसाधारणपणे १८ ते २८ वर्षे असून मागास प्रवर्गांना त्यात सवलत आहे. पुरुषांसाठी किमान उंची १६५ सेंटिमीटर, स्त्रियांसाठी १५५ सेंटिमीटर. महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, याची नोंद मुलींच्या पालकांनी अवश्य घ्यावी. नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी.

निवडीत आधी ५० गुणांची मैदानी चाचणी होते. मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. याशिवाय १०० मीटर धावणे व गोळाफेक दोघांनाही असते. तीत निवडलेल्यांची त्यानंतर १०० गुणांची लेखी परीक्षा घेतली जाते. अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण हे तिचे विषय. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलांनी मराठी व्याकरणाकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांचे गुण बहुधा तेथेच जातात.

धावण्याचा सराव किमान सहा महिने आधी सुरू करावा व त्यापूर्वी डॉक्टरांकडून प्रकृती तपासून घ्यावी. २०२४ च्या भरतीत धावताना प्रकृती बिघडून काही तरुणांचा मृत्यू झाला होता. आठवडाभराच्या तयारीवर मैदानात उतरणे हे धाडस नव्हे.

खरी पहिली पायरी मात्र मैदानावर नसून घरातल्या कपाटात आहे. शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचा दाखला, हे सारे आजच काढून पाहावे. आपल्या घरांत बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेतले दुसरे आणि आधार कार्डावर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच, असे वारंवार आढळते. ऐन पडताळणीच्या दिवशी अशी तफावत महागात पडते. दुरुस्तीस वेळ लागतो, तेव्हा जाहिरातीची वाट पाहू नये. अधिवासाच्या दाखल्यासाठी आपल्या तहसील कार्यालयात किंवा जवळच्या सेतू केंद्रात चौकशी करावी.

आणखी एक सावधगिरी. २०२४ मध्ये सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. जेथे अशी गर्दी, तेथे "साहेब ओळखीचे आहेत, काम करून देतो" म्हणणारे दलालही असतात. आईचे दागिने गहाण ठेवून अशांच्या हाती पैसे देणारी घरे सर्वस्व गमावतात. पैसे देऊन मिळवलेली वर्दी पुढे पैसे घ्यावयास लावते, हेही विसरू नये. आम्ही काय करावे, असे शिपायांनी विचारले असता योहान बाप्तिस्त्याने त्यांना नोकरी सोडावयास सांगितले नाही. कोणास छळून पैसे उकळू नका, आपल्या वेतनात समाधान माना, एवढेच सांगितले.

निवडीनंतर चारित्र्य पडताळणी होते. गल्लीतल्या हाणामारीत नोंदवला गेलेला गुन्हा तेव्हा आडवा येतो आणि तो लपवणे अधिकच अंगाशी येते. म्हणून वर्दी अंगावर चढण्याच्या कितीतरी आधीच तिला शोभेल असे वागावयास शिकले पाहिजे.

पालकहो, या आठवड्यात मुलांसोबत बसून ते कपाट उघडा आणि कागदपत्रे लावून ठेवा. सुरुवात तेथूनच होते.