३३८ विमानांना एकाच दिवशी ब्रेक! ‘सक्तीची तपासणी’ म्हणजे नेमके काय?

कोल्हापूर : मंगळवार पेठेतून उजळाईवाडी विमानतळ गाठायला रिक्षाने अर्धा तास पुरतो. तिथून हैदराबाद, बेंगळुरूला विमान बदलून पुढे जाणारेही आता कमी नाहीत. म्हणूनच २९ नोव्हेंबर २०२५ रोजी देशातील ३३८ एअरबस विमानांना दुरुस्तीची सक्ती झाली, तेव्हा प्रश्न इथल्या प्रवाशांचाही होता : आपले विमान यात आहे का?

नेमके घडले काय?

३० ऑक्टोबर २०२५ रोजी जेटब्लू कंपनीचे ए३२० विमान मेक्सिकोतील कॅनकूनहून अमेरिकेतील नेवार्कला जात होते. वैमानिकाने काहीही केलेले नसताना विमानाचे नाक अचानक खाली झुकले. विमान टॅम्पाला उतरवावे लागले आणि काही प्रवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. संशय आला तो ‘एलॅक’ नावाच्या संगणकावर.

ए३२० मध्ये वैमानिकाच्या हातातील साइडस्टिक आणि पंखांच्या हलत्या पट्ट्या यांना जोडणारी तार नसते. वैमानिकाचा इशारा आधी संगणकाकडे जातो. मग संगणकाच्या हुकमाने पंखावरचे एलेरॉन आणि शेपटीवरचे एलिव्हेटर हलतात. सूर्याकडून येणाऱ्या तीव्र किरणोत्सर्गाने या संगणकातील माहिती बिघडू शकते, असे एअरबसने २८ नोव्हेंबरला जाहीर केले. जगभरातील सुमारे ६,००० विमाने यात आली.

गंमत म्हणजे, बहुतेक विमानांवर उपाय होता जुने सॉफ्टवेअर परत टाकण्याचा! फोनचे अपडेट झाल्यावर ‘आधीचेच बरे होते’ असे आपण म्हणतो, तसेच काहीसे. एका विमानाला दोन-तीन तास पुरतात. काही जुन्या विमानांचा मात्र संगणकच बदलावा लागणार होता.

ही सूचना की हुकूम?

हुकूमच. निर्माता कंपनी दोष कळवते. ज्या देशात किंवा प्रदेशात विमानाच्या रचनेला मान्यता मिळाली, तिथला नियामक त्यावर आदेश काढतो. एअरबससाठी हे काम युरोपची ‘इयासा’ करते. भारतात डीजीसीए तो बंधनकारक करते. मुदतीत काम झाले नाही, तर ते विमान प्रवासी घेऊन उडू शकत नाही. इथे मुदत होती ‘पुढच्या उड्डाणाआधी’. एकट्या इंडिगोची २०० विमाने यादीत होती.

कोल्हापूरच्या विमानांचे काय?

उजळाईवाडीत प्रामुख्याने एटीआर आणि एम्ब्राएर विमाने येतात. हा आदेश त्यांना लागू नव्हता. पण मोठ्या शहरात विमान बदलले, की ए३२० शी गाठ पडू शकते.

एटीआरची मुख्य नियंत्रणे तारा आणि दांड्यांवर चालतात. तिथे सॉफ्टवेअर नव्हे, तर तारेचा ताण, तुटलेले धागे, गंज आणि सांध्यातला ढिलेपणा बघावा लागतो. नियंत्रणाचा भाग सोडवून पुन्हा जोडला, तर ज्याने काम केले त्याची एकट्याची सही चालत नाही. दुसऱ्या पात्र व्यक्तीने तो स्वतंत्रपणे तपासावा लागतो. उद्यमनगरात जॉब करणाऱ्याला आणि तो तपासणाऱ्याला यातला फरक वेगळा सांगायला नको. वेळ जातो तो इथेच, आणि फलकावर दिसते फक्त ‘तांत्रिक कारण’.

आपले विमान एटीआर आहे की ए३२०, हे बहुतेक वेळा बुकिंग करतानाच उड्डाणाच्या तपशिलात दिसते.