पाऊस हिवाळ्याचा, आग उन्हाळ्याची

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात वर्षाला सव्वासातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्याचा आकडाही जवळपास तोच. पण दोन्हीकडच्या माळावरची झाडे शेजारी ठेवली, तर एका पावसावर वाढलेली आहेत असे कुणी म्हणणार नाही. पावसाच्या आकड्याइतकेच महत्त्व पावसाच्या वेळेला असते. आपल्याकडे वैशाखात तापलेल्या जमिनीवर मृगाचा पाऊस येतो, म्हणजे ऊब आणि ओल झाडाला एकदमच मिळतात. पर्थमध्ये बहुतेक पाऊस मे ते ऑगस्टमध्ये पडतो आणि तो तिथला हिवाळा. उन्हाळा सुरू झाला की ढग नाहीसे होतात. वाढायला ऊन हवे तेव्हा पाणी नाही आणि पाणी असते तेव्हा ऊन अपुरे, अशी तिथल्या झाडांची अडचण.

असे हवामान पृथ्वीवर पाचच ठिकाणी आहे: भूमध्य समुद्राचा परिसर, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचा केप भाग आणि नैर्ऋत्य व दक्षिण ऑस्ट्रेलिया. हे सारे प्रदेश साधारण ३० ते ४० अक्षांशांच्या पट्ट्यात, बहुतेक खंडांच्या पश्चिम बाजूला आहेत. उन्हाळ्यात उपोष्ण भागातला जास्त दाबाचा पट्टा ध्रुवाकडे सरकून पाऊस अडवतो. हिवाळ्यात तो मागे हटला की पश्चिमी वारे पाऊस घेऊन येतात. कॅलिफोर्निया, चिली आणि केपच्या किनाऱ्यालगतचे थंड सागरी प्रवाह उन्हाळा आणखी कोरडा करतात. जगाच्या जमिनीचा जेमतेम दोन टक्के भाग या पाचांनी व्यापला आहे, पण वनस्पतींच्या सुमारे ४८ हजार जाती तिथे आढळतात. एकट्या केपचेच पाहा. महाराष्ट्राच्या एक तृतीयांशापेक्षाही लहान असलेल्या त्या प्रदेशात सुमारे नऊ हजार जाती आहेत आणि त्यांतल्या दोनतृतीयांशांहून अधिक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

भूमध्य परिसरातल्या झुडुपी रानाला माक्वी म्हणतात, कॅलिफोर्नियात चॅपरल, चिलीत मातोराल, केपमध्ये फेनबॉस आणि ऑस्ट्रेलियात क्वाँगन. दिसायला सगळी सारखी: कमरेपासून डोक्यापर्यंत उंचीची दाट झुडुपे आणि लहान, जाड, चामड्यासारखी सदाहरित पाने. शिंपर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९८ सालीच हे साम्य नोंदवले होते. १९७०च्या दशकात चिली आणि कॅलिफोर्निया यांचा शेजारी-शेजारी ठेवून अभ्यास झाला आणि ही जोडी अभिसारी उत्क्रांतीचा नमुना म्हणून पाठ्यपुस्तकांत गेली. सारखे हवामान सारखीच झाडे घडवते, हा त्यातला धडा. माझ्या मते तो अर्धाच खरा आहे.

खरा अर्धा भाग आधी. सह्याद्रीतला साग किंवा पळस कोरड्या दिवसांत पाने टाकतो. त्याला ते परवडते, कारण पाऊस आला की ऊबही असते आणि नवी पाने झपाट्याने वाढतात. हिवाळी पावसाच्या प्रदेशात थंडीमुळे वाढ सावकाश होते. पहिल्या सरीबरोबर कामाला लागायचे तर पान आधीच फांदीवर हवे. म्हणून ही झुडुपे बांधायला महाग पण अनेक वर्षे टिकणारे पान तयार करतात. उन्हाळ्यात रंध्रे मिटून ते नुसते तग धरते. अपवादही मजेशीर आहेत. कॅलिफोर्नियातला बकआय हा वृक्ष भर उन्हाळ्यातच पाने टाकतो आणि आजूबाजूच्या हिरव्या ओकांमध्ये फळे लटकवून उघडाबोडका उभा राहतो.

आता उरलेला अर्धा. भूमध्य परिसरात कोरडा उन्हाळा स्थिरावून फार तर तीसेक लाख वर्षे झाली आहेत. तिथल्या कित्येक कठीण पानांच्या झाडांची कुळे त्याहून पुष्कळ जुनी आहेत. म्हणजे पान आधी आले आणि हवामान नंतर. आणि क्वाँगनमध्ये तर पानांच्या कडकपणाचे मोठे कारण जमीन आहे. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातील वाळू कोट्यवधी वर्षे पावसाने धुतली गेली आहे. नवे पर्वत नाहीत, ज्वालामुखी नाही, हिमनद्याही फिरकल्या नाहीत. त्यामुळे जमिनीत स्फुरद जवळजवळ उरलेलाच नाही. पोषण इतके दुर्मीळ असताना एकदा केलेले पान फेकणे झाडाला परवडत नाही.

अशा जमिनीत सात हजारांहून अधिक जाती नांदतात, हे क्वाँगनचे खरे आश्चर्य. तिथले बँक्सिया वृक्ष पावसाळ्यात ब्रशासारखी दाट मुळे काढतात. ती मुळे आम्ले सोडून मातीच्या कणांना चिकटलेला स्फुरद सोडवून घेतात. ही सवय इतकी अंगात मुरलेली आहे, की रोपवाटिकेत नेहमीचे स्फुरदयुक्त खत दिले तर ते विषासारखे बाधून झाड मरू शकते. नुयत्सिया हा भर डिसेंबरात नारिंगी फुलांनी पेटणारा वृक्ष शेजाऱ्यांच्या मुळांना आपल्या मुळांवरच्या पात्यांनी कापून त्यांतले पाणी घेतो. जमिनीखालच्या तारांवरही त्याने ही पाती चालवल्याची उदाहरणे आहेत. १९२८ साली तिथल्या शेतात एक ऑर्किड सापडले, जे फुलतेसुद्धा जमिनीच्या आतच.

आगीच्या बाबतीत हे पाच प्रदेश आणखी वेगळे निघतात. उन्हाळ्यात वाळलेले रान पेटणार, हे ओघानेच आले. कॅलिफोर्नियातला चॅमीस जळाला तरी जमिनीलगतच्या लाकडी गाठीतून पुन्हा फुटतो. भूमध्य परिसरातील बुचाचा ओक जाड सालीने वाचतो. तीच साल दर नऊ वर्षांनी सोलून पोर्तुगाल जगाचे जवळपास निम्मे बूच पुरवतो. केपमधल्या अनेक प्रोटिया वर्षानुवर्षे बी बोंडात बंद ठेवतात आणि वणवा गेल्यावरच सोडतात. इतर कित्येकांचे बी मुंग्या त्यावरच्या तेलकट गाठीच्या लोभाने काही मिनिटांत वारुळात नेतात, आणि ते जमिनीत सुरक्षित राहते. तिथे बाहेरून आलेली अर्जेंटिनाची मुंगी ती गाठ बाहेरच खाते, बी पुरत नाही. असे उघड्यावर पडलेले बी उंदरांच्या पोटात जाते.

बराच काळ समज असा होता, की आगीची उष्णता बियांना जागे करते. १९९० साली केपमधील डी लांग आणि बूशे यांनी एका दुर्मीळ झुडुपाच्या बियांना केवळ धूर देऊन अंकुर फोडून दाखवले. पुढे २००४ मध्ये धुरातले नेमके रसायन वेगळे काढण्यात आले. केपची अग्निकुमुदिनी तर धुराच्या इशाऱ्याने वणव्यानंतर पंधरवड्याच्या आत राखेतून लाल फुले काढते. पाने नंतर येतात.

चिलीची गोष्ट निराळी. अँडीज पर्वत उन्हाळी वीज-वादळे अडवतो, त्यामुळे तिथे नैसर्गिक वणवे विरळाच आणि आगीवर बेतलेले बी असणारी झाडेही मोजकीच. पण माणसाने पाइन आणि निलगिरीच्या लागवडी केल्या, वस्ती रानाला भिडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये विन्या देल मारजवळच्या वणव्यांत १३० हून अधिक माणसे मेली आणि तिथल्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानाचा बहुतांश भाग जळाला. कॅलिफोर्नियाचे रान आगीला सरावलेले असले, तरी दर दहा-पंधरा वर्षांनी पेटवले तर चॅपरलही संपतो. बी साठायच्या आत दुसरी आग येते आणि रिकाम्या जागेत गवत घुसते. म्हणून ‘आगप्रिय वनस्पती’ हा शब्दप्रयोग मला पटत नाही. त्यांना सोसते ते आगींमधले अंतर.

उन्हाळा टाळायची सर्वांत सोपी युक्ती मात्र झुडुपांची नाही, वर्षायू रोपांची आहे: हिवाळी पावसात उगवायचे, उन्हाळ्याआधी बी टाकून मरायचे आणि कोरडे महिने बी होऊन काढायचे. गहू, जव, मसूर, वाटाणा, हरभरा यांचे रानटी पूर्वज आग्नेय तुर्कस्तान आणि सीरियाच्या बाजूला हेच करत होते. आपला रब्बी हंगाम त्याच सवयीवर उभा आहे. हिवाळी पाऊस नाही, पण काळ्या जमिनीने धरून ठेवलेली ओल त्याची जागा भरून काढते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी जव पिकत होता.

या पाच प्रदेशांनी एकमेकांचे नुकसानही मनसोक्त केले आहे. ऑस्ट्रेलियाच्या बाभळी आणि उत्तर गोलार्धातले पाइन केपच्या डोंगरांवर पसरून पाणी पितात. ते काढण्यासाठी दक्षिण आफ्रिकेने १९९५ पासून सरकारी योजना राबवली आहे. कॅलिफोर्नियात स्पॅनिश वसाहतींबरोबर आलेल्या भूमध्य गवतांनी मूळच्या गवताळ टेकड्या जवळजवळ पूर्ण बळकावल्या.

मुलाबाळांकडे कॅलिफोर्नियातल्या बे एरियात जाणारे आपल्याकडचे आईवडील बहुधा मे-जूनमध्ये जातात आणि त्या सोनेरी टेकड्यांचे फोटो पाठवतात. तो सोनेरी रंग म्हणजे हेच बाहेरून आलेले, वाळलेले गवत. जमल्यास फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. तेव्हा टेकड्या हिरव्या असतात आणि मूळची रानफुले अजून शिल्लक आहेत तिथे फुलू लागतात. पर्थ किंवा केप टाउनला जायचे तर ऑगस्ट-सप्टेंबर गाठा.