गणिताशी ओळख, भाग ६ : वयवारीतला न बदलणारा आकडा

सोलापुरात पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं असोत किंवा आठवीच्या शिष्यवृत्तीला बसलेली, ‘वयवारी’ आली की बऱ्याच जणांचा हात अडखळतो. यातली आकडेमोड तशी सोपीच असते. घोळ होतो तो मांडणीत. गेल्या भागात एका चलाचं समीकरण पाहिलं, तेच इथं कामाला येतं.

उदाहरणासाठी सोलापूरचेच दोन सुपुत्र घेऊ. जहाज आणि विमान उद्योगाचा पाया घालणारे वालचंद हिराचंद जन्मले २३ नोव्हेंबर १८८२ रोजी आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी. वर्षअखेरीस पूर्ण झालेली वयं धरली, तर दोघांत २८ वर्षांचं अंतर पडतं. हे अंतर जन्मभर तेवढंच राहतं. बदलते ती पट.

कोटणीसांचं वय क्ष मानलं, तर वालचंद यांचं क्ष + २८. वालचंद यांचं वय कोटणीसांच्या तिप्पट कधी होतं? क्ष + २८ = ३क्ष, म्हणून २क्ष = २८ आणि क्ष = १४. म्हणजे साल १९२४. कोटणीस चौदा वर्षांचे, वालचंद बेचाळीसचे. दुप्पट विचारली तर क्ष = २८, साल १९३८. नेमक्या याच वर्षी सप्टेंबरात कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकासोबत मुंबईहून चीनला निघाले. पाचपट १९१७ मध्ये, आठपट १९१४ मध्ये. पटीतून एक वजा करायचा आणि उरलेल्या संख्येनं २८ ला भागायचं, एवढीच यातली किल्ली. चौपटीला मात्र तीननं भागावं लागतं आणि उत्तर येतं नऊ वर्षं चार महिने. परीक्षेत असा अपूर्णांक सहसा दिसत नाही, कारण प्रश्न काढणारा आकडे जुळवूनच घेतो.

आता दीडपट पाहा. क्ष + २८ = १.५क्ष, म्हणून क्ष = ५६, साल १९६६. समीकरण अगदी बरोबर सुटलं, पण कोटणीस डिसेंबर १९४२ मध्ये चीनमध्येच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. वालचंद १९५३ मध्ये गेले. दीडपटीचं वर्ष या दोघांच्या वाट्याला आलंच नाही. वयवारीत उत्तर आल्यावर ते मूळ मजकुरात घालून पाहायचं, ते यासाठीच.

पाठ्यपुस्तकी उदाहरणात दोन काळ असतात आणि खरी चूक तिथंच होते. आज आईचं वय मुलीच्या तिप्पट आहे. १२ वर्षांनी ते दुप्पट होईल. मुलगी क्ष, आई ३क्ष. वहीत दोन रकाने आखावेत, ‘आज’ आणि ‘१२ वर्षांनी’. दुसऱ्या रकान्यात मुलगी क्ष + १२, आई ३क्ष + १२. समीकरण होतं ३क्ष + १२ = २(क्ष + १२). घाईत कंस राहून गेला की ३क्ष + १२ = २क्ष + १२ असं लिहिलं जातं आणि क्ष शून्य येतो. मुलगी शून्य वर्षांची आणि आईही शून्य वर्षांची! कंस नीट सोडवला की मुलगी १२, आई ३६. बारा वर्षांनी २४ आणि ४८. रकाने आखायला अर्धं मिनिट लागतं, पण कंस विसरत नाही. शिक्षकांनी सूत्रं पाठ करून घेण्याआधी ही सवय लावावी.

अज्ञाताला नाव देण्याची रीत आपल्याकडे जुनीच. भास्कराचार्य पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्-तावत्’ म्हणत आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देत. आपला जन्म शके १०३६ मधला आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ छत्तिसाव्या वर्षी रचला, असं त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे. बेरीज केली की ग्रंथाचं साल मिळतं : शके १०७२, म्हणजे इसवी सन ११५०.

पुढच्या भागात काळ-काम-वेगाची उदाहरणं पाहू. तोवर वाचकांनी एवढं सोडवावं : चित्रकार मकबूल फिदा हुसेन १९१५ मध्ये पंढरपूरला जन्मले. वालचंद यांचं वय त्यांच्या चौपट कोणत्या साली होतं? उत्तराबरोबर ताळाही लिहावा.