वरच्या मजल्याच्या डीबीला किती अँपिअरचा एमसीबी लावायचा?

घरावर मजला चढवला की वरच्या खोल्यांसाठी वेगळा छोटा डीबी, म्हणजे एमसीबीचा बॉक्स, बसवतात. दुकानात मग बरेच जण सांगतात, "मोठाच द्या, सारखा पडायला नको." धोका नेमका इथेच आहे.

एमसीबी वाचवतो कोणाला?

एमसीबी मुख्यतः वायरला वाचवतो. झेपेल त्याहून जास्त करंट गेला की वायर तापते, तिचं इन्सुलेशन वितळतं आणि भिंतीतल्या पाइपात आग लागू शकते. म्हणून एमसीबीचं रेटिंग लोडच्या करंटपेक्षा जास्त, पण वायरच्या क्षमतेपेक्षा कमी हवं.

हिशोब कसा करायचा?

वॅटला २३० व्होल्टने भागा, अँपिअर मिळतात. समजा, वर दीड टनाचा एसी (१६०० वॅट), गीझर (२००० वॅट) आणि दिवे, पंखे, टीव्ही मिळून ९०० वॅट आहेत. एकूण ४५०० वॅट, म्हणजे साधारण २० अँपिअर. खालच्या मेन बोर्डातून वर जाणाऱ्या लाइनला २५ अँपिअरचा एमसीबी पुरेल, पण ती तांब्याची वायर किमान ४ स्क्वेअर एमएमची हवी. पुढे लोड वाढणार असेल तर ६ स्क्वेअर एमएम वायर आणि ३२ अँपिअर ठेवा.

डीबीतल्या प्रत्येक सर्किटला वेगळा एमसीबी:

- दिवे-पंखे, १.५ स्क्वेअर एमएम वायर: ६ किंवा १० अँपिअर
- गीझर, २.५ स्क्वेअर एमएम: १६ अँपिअर
- एसी, ४ स्क्वेअर एमएम: २० अँपिअर

बी की सी?

बी प्रकार रेटिंगच्या ३ ते ५ पट करंटला लगेच पडतो, सी प्रकार ५ ते १० पटींना. एसी, पंप सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतात, म्हणून त्यांना सी. गीझर, दिव्यांना बी चालतो.

शॉकचं काय?

एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी वेगळा लावा.

आणि एमसीबी वारंवार पडत असेल तर वायर तीच ठेवून मोठा एमसीबी बसवू नका. आधी लोड आणि वायरिंग लायसन्स असलेल्या वायरमनकडून तपासून घ्या.