साखरेची बिस्किटं, सीताफळ आणि ओलाव्याचा हिशोब

दिवाळी तोंडावर आली किंवा रमजान संपत आला, की मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत बेकरीसमोर पत्र्याचे डबे रांगेने दिसू लागतात. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई कुठेही जा, पद्धत तीच. घरून मैदा, साखर आणि तूप न्यायचं, बेकरीवाल्याच्या भट्टीत बिस्किटं भाजून घ्यायची, किलोमागे भाजणावळ द्यायची आणि डबा भरून घरी आणायचा. एका वेळी तीन-चार किलोंचा घाणा निघतो. मग महिनाभर सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर तीच बिस्किटं. त्यांतून पाहुण्यांसमोर ठेवण्याजोगं थरांचं छान गोड होऊ शकतं, हे अनेक घरांत कुणाच्या मनातच येत नाही. आलं तरी हात आखडतो, कारण वाटेत बरेच गैरसमज उभे असतात. ते दूर झाले तर गॅसवर आटवलेलं दूध, बिस्किटं आणि आपल्या बालाघाटाचं सीताफळ एवढ्यावर काम भागतं.

पहिला गैरसमज ओव्हनचा. ओव्हन नाही म्हणून बिस्किटं घरी होणारच नाहीत, असं अजूनही म्हटलं जातं. बिस्किटाला लागते ती चारही बाजूंनी येणारी साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसची कोरडी उष्णता. जाड बुडाच्या कढईत किंवा पातेल्यात बोटभर जाडीचं मीठ पसरा, त्यावर एखादी तिवई किंवा वाटी ठेवा, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. मग बिस्किटांची ताटली आत ठेवून आच मंद करा. पंधरा ते वीस मिनिटांत बिस्किटं होतात. मीठ उष्णता धरून ठेवतं आणि सगळीकडे सारखी पसरवतं. ते फेकायचंही नाही, पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतं. यासाठी कुकर मात्र वापरू नका. कुकर पाण्याच्या वाफेवर चालावा म्हणूनच बनवलेला असतो. कोरडा तापला की त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळू शकतो आणि रबर खराब होतं.

प्रमाण सोपं आहे: मैदा २०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, रवाळ थिजलेलं तूप १२० ग्रॅम, चिमूटभर मीठ, पाव चमचा बेकिंग पावडर आणि वेलची. तूप आणि साखर हाताने फेसून पांढरंशुभ्र करा, मग मैदा हलक्या हाताने मिसळा. कोरडं वाटलं तरच चमचाभर दूध. ‘डालड्याशिवाय खुसखुशीतपणा येत नाही’ हे मत बेकरीच्या सवयीतून आलं आहे. स्निग्धांश मैद्याच्या कणांवर बसतो, पाण्याला आत शिरू देत नाही, त्यामुळे पिठाला चिवटपणा येत नाही. खुसखुशीतपणा तो हाच. साजूक तुपात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे हे काम ते उत्तम करतं. अट एकच, तूप पातळ केलेलं नको. घरच्या लोण्यात मात्र पाणी बरंच असतं, म्हणून लोण्याच्या बिस्किटांचा पोत वेगळा येतो. वनस्पती तुपाची खरी अडचण होती ट्रान्स फॅटची. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. तरीही भट्टीला देण्यासाठी घरचं तूप नेणाऱ्या बायका योग्यच करतात, असं मला वाटतं.

मुलांना कच्चं पीठ चाटायला फार आवडतं, आणि अंडं नाही म्हणून त्यात धोका नाही असं आपण धरून चालतो. मैदा हा कच्चा पदार्थ आहे, जंतू मारण्यासाठी त्याच्यावर कोणतीही प्रक्रिया झालेली नसते. २०१६ साली अमेरिकेत मैद्यातूनच ई-कोलाय जंतूंचा संसर्ग पसरला होता. तेव्हा भाजल्याशिवाय बोट लावू देऊ नका.

भाजतानाचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज पुढचा. वीस मिनिटांनी झाकण उघडलं, बिस्किट दाबून पाहिलं, ते मऊ लागलं, म्हणून ‘अजून कच्चं आहे’ समजून परत ठेवलं. पंधरा मिनिटांनी बूड काळं. गरम बिस्किट मऊच असतं, कारण त्यातलं तूप वितळलेलं असतं आणि साखर पाकासारखी सैल असते. थंड होताना दोन्ही घट्ट होतात आणि मग बिस्किट कडक होतं. कडेला किंचित बदामी रंग दिसला की बाहेर काढायचं, ताटलीतच पाच मिनिटं राहू द्यायचं, मगच हलवायचं.

आता साखर. दाणेदार आणि पिठीसाखर वाटीने मोजली तर सारखीच, असं धरून केलेली बिस्किटं दर वेळी वेगळी होतात. सुमारे २४० मिलीच्या एका कपात दाणेदार साखर साधारण २०० ग्रॅम मावते, पिठीसाखर १२० ग्रॅमच्या आसपास. फरक गोडीपुरताही नाही. दाणे भाजताना सावकाश विरघळतात, बिस्किट पसरतं आणि वर तडे जातात. पिठीसाखरेचं बिस्किट आकार धरून राहतं आणि तोंडात विरघळतं. थरांच्या गोडासाठी पिठीसाखरेचं, नुसतं खाण्यासाठी दाणेदार साखर वरून भुरभुरलेलं, ही माझी पसंती.

‘साखर हाडांच्या कोळशाने पांढरी करतात’ हा समज व्हॉट्सअॅपवरून घरोघर पोचला आहे. काही परदेशी रिफायनऱ्यांत तसा कोळसा वापरला गेला आहे हे खरं. आपल्याकडच्या कारखान्यांत उसाच्या रसात चुना घालतात आणि गंधक जाळून निघणारा वायू त्यात सोडतात, पुढे पाकावरही तीच गंधकाची प्रक्रिया होते. महाराष्ट्रातली पांढरी साखर मुख्यतः याच पद्धतीची. हाडांचा त्यात संबंध नाही. उपासाला किंवा शाकाहाराला ती चालते का, ही शंका ठेवण्याचं कारण नाही. ज्या साखरेबद्दल आपण मनात असली किळस धरतो, तिचा ऊस तोडायला बीड जिल्ह्यातलीच माणसं जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी अशा तालुक्यांतून टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि गळीत हंगाम संपेपर्यंत उसाच्या फडातच राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. घरात फराळाचे डबे भरले जात असतात, तेव्हा कितीतरी घरांना कुलूप लागलेलं असतं. साखरेबद्दल काही सांगायचं झालं तर मला ही गोष्ट हाडांच्या अफवेपेक्षा फार महत्त्वाची वाटते.

साखरेऐवजी गूळ घातला की बिस्किट ‘शुगरवाल्यांना’ चालतं, हा गैरसमज तर धोक्याचा आहे. गूळ म्हणजे बहुतांश साखरच. ग्रॅममागे उष्मांक जवळपास तितकेच, आणि रक्तातली साखरही तो वाढवतो. त्यातली लोह-खनिजं बिस्किटात पडणाऱ्या चमचा-दोन चमच्यांतून नावापुरतीच मिळतात. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटांतही मैदा असतोच, आणि मैद्याचं पचनानंतर ग्लुकोजच होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. गूळ आवडत असेल तर चवीसाठी जरूर घाला. पण तो ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे बिस्किट गडद आणि मऊसर होतं, कुरकुरीत होत नाही.

बेकरीतून येताना कधी कधी नाकाला झोंबणारा वास येतो, आणि ‘बिस्किटात नवसागर घालतात’ असं कुजबुजलं जातं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, ते कल्हईवाल्याचं. बेकरीतला ‘अमोनिया’ म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. अन्नात त्याला परवानगी आहे. तापल्यावर त्याचे तीन भाग होतात: अमोनिया वायू, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. पातळ, कोरड्या बिस्किटातून हे तिन्ही निघून जातात, मागे काही उरत नाही, आणि बिस्किट हलकं होतं. जाड केकमध्ये वायू अडकून वास राहतो, म्हणून केकसाठी तो वापरत नाहीत. घरी बेकिंग पावडर पुरते.

डबा नीट बंद राहिला नाही की बिस्किटं सादळतात, आणि ‘गेली वाया’ म्हणून गुरांपुढे टाकली जातात. सादळणं आणि खवट होणं यांत फार अंतर आहे. सादळलेल्या बिस्किटाने हवेतला ओलावा घेतलेला असतो, एवढंच. तापवलेल्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवून पूर्ण गार होऊ दिली की ती पुन्हा कुरकुरीत होतात. खवट वास मात्र तूप बिघडल्याचा असतो, ते बिस्किट भाजून सुधारत नाही, टाकूनच द्यावं. बुरशीचा ठिपका दिसला तरीही तेच.

ओलावा ओढून घेण्याची ही सवयच थरांच्या गोडाचा पाया आहे. बिस्किटं आधी दुधात बुडवून घ्यायला हवीत असं बहुतेकांना वाटतं, आणि तिथेच लगदा होतो. बुडवायची गरज नसते. दाट आटवलेल्या दुधाचा थर, त्यावर कोरडी बिस्किटं, पुन्हा दुधाचा थर असं रचून दोन-तीन तास थंड जागी ठेवलं की बिस्किट हवा तेवढा ओलावा स्वतः घेतं, आणि सुरीने कापता येईल इतकं मऊ होतं. त्यासाठी कन्डेन्स्ड मिल्क किंवा क्रीमचा डबा आणण्याची आवश्यकता नाही. एक लिटर म्हशीचं दूध निम्म्यावर आटवा, साखर दोन मोठे चमचेच घाला, कारण बिस्किटं आणि फळ दोन्ही गोड आहेत.

फळ अर्थात सीताफळ. बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या या फळाला २०१६ साली ‘बीड सीताफळ’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईलाच आहे, आणि ‘धारूर-६’ हे वाण तिथलंच. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा हंगाम, म्हणजे फराळाच्या दिवसांतच बाजारात ढीग असतात.

या फळाबद्दल समज दोन. एक, दुधात घातलं की दूध फाटतं. सीताफळात आंबटपणा फार कमी असतो, त्यामुळे पिकलेल्या गराने दूध फाटत नाही. दूध बिघडवतं ते कच्चं अननस: त्यातलं विकर दुधातली प्रथिनं तोडतं आणि चव कडू होते. दुसरा समज, बासुंदीत गर घालून उकळी आणली की स्वाद मुरतो. घडतं नेमकं उलट. सीताफळाचा गर उकळी येण्याच्या कितीतरी आधीच कडवट होऊ लागतो आणि त्यावर गुलाबी छटा येते. अनेक घरांत ‘सीताफळ कडू निघालं’ म्हणून फळवाल्याला बोल लावले जातात, तेव्हा दोष आचेचा असतो. दूध आटवून पूर्ण थंड करा, मगच तीन-चार फळांचा गर त्यात मिसळा. थंडीत सीताफळ खाल्लं की सर्दी होते असंही म्हणतात, पण सर्दी विषाणूंमुळे होते, फळामुळे नाही.

बिया हाताने किंवा मोठ्या छिद्रांच्या चाळणीवर काढाव्यात. मिक्सरला गर बियांसकट लावू नये. अख्खी बी चुकून गिळली तर कवच कठीण असल्याने ती तशीच बाहेर पडते, पण फुटलेल्या बीत कीटकनाशक द्रव्यं असतात. बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावणं हाही जुना उपाय निरुपद्रवी मानला जातो. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. मुलांच्या डोक्याला ती लावूच नये.

उरलेल्या चुऱ्याचे लाडू करता येतात: बिस्किटांचा चुरा, भाजलेला खवा, शेंगदाण्याचं थोडं कूट. खवा शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-कुंथलगिरी पट्ट्याचा नावाजलेला आहे. तो ताजा असला तरी मंद आचेवर परतूनच घ्यावा, कारण त्यात पाणी असतं आणि तो लवकर आंबतो. पिठाची भेसळ तपासायची तर चिमूटभर खवा पाण्यात उकळून गार करा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात पिष्ट आहे. ही तपासणी बिस्किटांचा चुरा मिसळण्याआधी करायची, कारण मैद्यामुळेही रंग निळाच येईल. तपासलेला नमुना टाकून द्यायचा.

फ्रीज नसेल तर थरांचं भांडं रुंद परातीत गार पाण्यात ठेवा आणि ते त्याच दिवशी संपवा. दूध आणि ताजं फळ असलेला पदार्थ रात्रभर बाहेर टिकत नाही, वर साखर कितीही असली तरी. फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत चव उत्तम राहते, त्यानंतर बिस्किटांचे थर विरघळून एकच लापशी होते. हंगाम संपल्यावरही हे गोड करायचं असेल तर बिया काढलेला गर थोडी साखर मिसळून, लहान डब्यांत काठोकाठ भरून, फ्रीझरमध्ये ठेवता येतो. दोन-तीन महिने तो चांगला राहतो. वापरताना आदल्या रात्री डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवायचा, घाईत गॅसवर पातळ करायचा नाही, नाहीतर तोच कडवटपणा आता नवीन वाटेने येईल.