नाव छोटे, लक्षण मोठे

‘फोक्सवॅगन’ या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी ‘लोकांची गाडी’. सामान्यांच्या मोटारी बनवणाऱ्या या कंपनीने २००२ साली मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूच्या महागड्या गाड्यांना टक्कर देण्यासाठी ‘फेटॉन’ ही आलिशान मोटार आणली. तिच्यासाठी ड्रेस्डेन शहरात काचेच्या भिंतींचा खास कारखाना उभारला.

फेटॉनची कल्पना कंपनीचे प्रमुख फर्डिनांड पिएश यांची. त्यांची एक अट प्रसिद्ध आहे : बाहेर ५० अंश सेल्सिअस तापमान असताना गाडी दिवसभर ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावली, तरी आत २२ अंशच राहिले पाहिजेत. चार प्रवाशांना चार वेगवेगळी तापमाने ठेवता येत. थंड हवेचा झोत थेट मानेवर किंवा चेहऱ्यावर येऊ नये, अशी रचना होती. शरीराला सुखावणारे जे जे हवे, ते सारे या गाडीत होते.

तरीही ग्राहक फिरकले नाहीत. अमेरिकेतली विक्री २००६ मध्येच बंद झाली. २०१६ मध्ये उत्पादन थांबले, तोवर जेमतेम ८४ हजार गाड्या बनल्या होत्या. गाडी जड होती आणि दिसायला कंपनीच्या साध्या पसाटसारखी, ही कारणे होतीच. पण मोठा अडसर होता तो बॉनेटवरच्या चिन्हाचा. फेटॉनशी तांत्रिक पाया जुळणाऱ्या बेंटलेच्या गाड्या कितीतरी महाग असूनही खपल्या. त्यांपैकी एक तर काही काळ ड्रेस्डेनच्याच कारखान्यात जोडली जात होती.

याला निव्वळ मिरवण्याची हौस म्हणून सोडून देता येत नाही. नाव आणि किंमत मेंदूतल्या अनुभवावरच परिणाम करतात. अमेरिकेतल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० जणांना एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून दिली. ‘महाग’ वाइन त्यांना अधिक आवडली. एवढेच नव्हे, तर मेंदूत सुखद अनुभवाशी जोडलेला भागही अधिक सक्रिय झालेला दिसला.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधल्या प्रयोगात ८२ निरोगी व्यक्तींना नवे वेदनाशामक म्हणून गोळी दिली गेली. तिच्यात औषध नव्हतेच. मनगटाला सौम्य विजेचे झटके देऊन वेदना मोजल्या. गोळीची किंमत अडीच डॉलर सांगितलेल्यांपैकी ८५ टक्के लोकांच्या वेदना कमी झाल्या. किंमत उतरवून १० सेंट केल्याचे सांगितलेल्यांपैकी ६१ टक्क्यांच्या. आराम पडेल या अपेक्षेनेच शरीर स्वतःची अफूसदृश वेदनाशामक द्रव्ये स्रवू लागते. म्हणजे हा आराम खोटा नसतो.

मोटारीच्या बाबतीत हा खेळ कंपनीच्या खिशाला भारी पडला. औषधाच्या बाबतीत तो रुग्णाच्या अंगाशी येतो. सरकारी रुग्णालयातून फुकट मिळालेली गोळी ‘हलकी’ समजून रुग्ण ती डब्यात टाकतो आणि उसनवारी करून महागडी आणतो. पैसे संपले की गोळी बंद. मधुमेह किंवा रक्तदाबासारख्या आजारात असा खंड मूत्रपिंडावर, डोळ्यांवर, हृदयावर बेततो. किमतीचा प्रभाव पडतो तो वेदनेसारख्या जाणिवांवर. क्षयाच्या जंतूंना मात्र वेष्टनावरची किंमत वाचता येत नाही. त्यांना मारते ते औषधातले मूळ द्रव्य.

म्हणून गोळी घेताना ब्रँडच्या नावासोबत छापलेले मूळ औषधाचे नाव आणि मिलिग्रॅममधली मात्रा पाहावी. मुदतीची तारीख तपासावी, पक्के बिल घ्यावे. जेनेरिक गोळीबद्दल शंका आली, तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे. डॉक्टरांनीही स्वस्त गोळी देताना ‘सध्या हीच घ्या’ असे नाइलाजाच्या सुरात म्हणू नये. ‘हे त्याच गुणाचे औषध आहे’ असे विश्वासाने सांगितले, की अपेक्षेचा तोच परिणाम रुग्णाच्या बाजूने काम करू लागतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.